टाकळ्याच्या पानावरची गोगलगाय

मुलगी लहान असताना पावसाळ्यातले आमचे रविवार कर्नाळ्याच्या जंगलात जायचे. पायथ्याशी एक बाई टाकळा विकायला बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाशी ती फटकूनच बोलायची. कुणी भाजी उलटीपालटी केली, की सरळ हातातली जुडी काढून घ्यायची. "नको तं नको. ठेव तिथं." लहान मुलांनी मात्र पाटीत कितीही हात घालावेत!

एकदा माझ्या मुलीला टाकळ्याच्या पानावर गोगलगाय सापडली आणि ती घरी न्यायचा तिने हट्ट धरला.

"घरी नेलीस तं मरंल," बाई म्हणाली. "हितंच ऱ्हाऊ दे. तुजीच हाय. मी हाय ना बघायला."

पुढच्या रविवारी पाटीच्या कडेला, पानावर, गोगलगाय हजर.

"हीच का?"

"मंग? तुजीच हाय."

दर रविवारी ती वेगळी असायची, कधी मोठी, कधी पिवळसर. मला कळायचं, पण मी गप्प बसायचे. मुलगी उकिडवी बसून गोगलगायीला आठवडाभरातल्या शाळेच्या बातम्या सांगायची.

यंदा मुलगी नोकरीच्या गावाहून सुट्टीला आली, तेव्हा किती तरी वर्षांनी तिथे गेलो. बाई थकली होती. तिने मुलीला निरखून पाहिलं, पाटीतली पानं चाळली आणि त्यातलं एक पुढे केलं.

"तुजीच हाय."

मुलगी हसली. "मावशी, एवढ्या वर्षांत वाढली नाही ती?"

बाईने माझ्याकडे पाहिलं.

"तिला कुठं जायची घाई हाय?"