पत्ता तोच राहिला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्या वैशालीताईंनी मला हे काम शिकवलं त्यांना तर मुळीच नाही. आज सांगतोय म्हणून लगेच गळा काढेन अशी अपेक्षा ठेवू नका — माझा तो स्वभाव नाही. 'जाऊ द्या हो, तेव्हा तुम्ही लहान होतात' असंही कुणी म्हणू नका. सत्तावीस वर्षांचा घोडा होतो मी. मिशी होती, नोकरी होती, स्वतःचं व्हिजिटिंग कार्डसुद्धा होतं.

आधी थोडं कामाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचंच नाही. सोपं आहे, घाबरू नका. तुम्ही वेबसाइटवर अर्ज भरता, बटण दाबता, आणि तो दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरकडे जातो. आता उत्तर देणारं पान वेगळंच असेल, तर सर्व्हरला दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे तो तुमच्या कंप्युटरला सांगतो — इथे नाही, अमक्या पत्त्यावर जा. तुमचा कंप्युटर मुकाट्याने तिकडे जातो, आणि वरच्या पट्टीतला पत्ता बदलतो. हा रीडायरेक्ट. दुसरी गोष्ट — तो तुम्हाला कुठेच पाठवत नाही. तुमचा कागद घेऊन स्वतःच आतल्या टेबलावर जातो, काम करून आणतो, आणि उत्तर तुमच्या हातात ठेवतो. तुम्ही जागचे हलत नाही, आणि वरचा पत्ता तोच राहतो. हा फॉरवर्ड.

मी फॉरवर्डवाला होतो. कट्टर. आजही आहे, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

का, ते सांगतो. वडील तोफखान्यात, पोस्टिंग कायम लांब, आणि आम्ही देवळाली कॅम्पात. बारावीनंतर, नव्वदच्या दशकात, मला रहिवासाचा दाखला काढायचा होता. आईला बरोबर घेऊन मी नाशिकला जायचो, बसने. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले. पहिल्या खिडकीवरचा माणूस म्हणायचा, चार नंबरला जा. चार नंबर म्हणायचा, आधी वरच्या मजल्यावरून शिक्का आणा. वरचा म्हणायचा, हे खालीच होतं, तुम्हाला इकडे कुणी पाठवलं? आई कठड्याला धरून जिना उतरायची, आणि मी मागून तिची चप्पल बघत असायचो. त्या आठ-दहा दिवसांत एकाही माणसाला असं वाटलं नाही, की आण तो कागद, मीच आत देऊन येतो. एकालाही नाही.

पुढे कॉलेजात फॉरवर्ड शिकलो तो दिवस मला अजून आठवतो. म्हटलं, हे बरोबर आहे. आपल्या हातात सत्ता आली ना — हसू नका, प्रोग्रॅमरच्या हातात सत्ताच असते — तर आपण कुणाला खिडकी-खिडकी फिरवणार नाही. कागद आपणच आत न्यायचा. हे माझं तत्त्व होतं, आणि मी ते चारचौघांत मिरवायचोही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्या शरणपूर रोडच्या छोट्याशा कंपनीला एका खासगी नर्सिंग संस्थेचं काम मिळालं. प्रवेश अर्ज पहिल्यांदाच ऑनलाइन घ्यायचे होते. मी ते लिहिलं. वैशालीताई मला सीनियर. त्यांनी कोड पाहिला आणि एकच ओळ दाखवली. "अर्ज सेव्ह झाल्यावर इथे रीडायरेक्ट कर. पत्ता तोच राहिला आणि कुणी रिफ्रेश मारला, तर अर्ज दुसऱ्यांदा जाईल."

त्या बरोबर होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. उत्तर नुसतं दाखवायचं असेल तर फॉरवर्ड उत्तम, पण नोंद झाल्यावर माणसाला नव्या पत्त्यावर नेऊन उभं करायला हवं. मी ऐकलं का? मी त्यांना खिडक्यांचं भाषण दिलं. त्या हसल्या, म्हणाल्या, बघ बाबा. पुढच्या महिन्यात त्या पुण्याला गेल्या, आणि ती ओळ तशीच राहिली.

त्यात मी आणखी एक हुशारी केली. अर्ज सगळा इंग्रजीत होता — संस्थेला तसाच हवा होता. पण शेवटचं पान, 'आपला अर्ज मिळाला' हे सांगणारं, मी हट्टाने मराठीत केलं. तेव्हा मराठीसाठी वेगळा फॉन्ट टाकावा लागायचा. तो नसेल तर मराठीच्या जागी नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं दिसायची, आकडे तेवढे वाचता यायचे. आमच्या ऑफिसात फॉन्ट होता. वणीच्या सायबर कॅफेत असेल का, असा प्रश्न मला पडला नाही. मला कशाला पडेल?

आणि संस्थेचा नियम असा, की एका उमेदवाराचे दोन अर्ज आले तर दोन्ही रद्द. आदल्या वर्षी म्हणे काहींनी वेगवेगळे मार्क टाकून दोन-दोन अर्ज भरले होते. हा नियमही मीच कोडमध्ये बसवला. चोख बसवला. सर्व्हर एका झटक्यात दोन्ही अर्ज बाद करायचा, कुणाला विचारायचा नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. मघापासून टाळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

तात्पुरती यादी लागल्यानंतर दोन दिवसांनी मी संस्थेच्या ऑफिसात काही किरकोळ दुरुस्तीसाठी बसलो होतो. प्रवेश विभागाच्या मॅडमसमोर एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीचं नाव यमुना. सुरगाण्याच्या बाजूची, आश्रमशाळेत शिकलेली. मार्क इतके चांगले की यादीत तिचं नाव वरच्या पाचांत असायला हवं होतं. त्या कोर्सला राहणं-जेवण संस्थेकडे होतं, म्हणून घरून तिला पाठवायला तयार होते. हे नाही जमलं तर दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला जाणार होती, आणि मग लग्न. हे तिच्या आईने रडून वगैरे नाही सांगितलं. एसटी किती वाजता आहे हे सांगावं तसं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, तू दोनदा अर्ज भरलास, नियमाने दोन्ही रद्द. तेव्हा त्या मुलीने पिशवीतून वहीचा एक कागद काढला. त्यावर तिने दोन्ही अर्जांचे नंबर लिहून आणले होते, एकाखाली एक, नीट अक्षरात. मला सांगा — लबाडी करणारा माणूस दोन्ही नंबर स्वतःच्या हाताने लिहून आणतो का?

"मॅडम, मी एकदाच भरला," ती म्हणाली. "बटण दाबल्यावर काहीतरी वेगळीच अक्षरं आली, मधे हा नंबर. वणीच्या सायबरवाल्या दादानं सांगितलं होतं, वरचा पत्ता बदलला की समज अर्ज गेला. तो बदललाच नाही. मग दादा म्हणाला रिफ्रेश कर. तर इंग्लिशमध्ये चौकट आली, त्यात 'रिट्राय' होतं. मी रिट्राय केलं. तर दुसरा नंबर आला."

"घरी आली तवाच बोलली व्हती," आई म्हणाली, "पत्ता हललाच नाय म्हून."

तुमच्या लक्षात येतंय का काय झालं ते? सुरगाण्याच्या एका मुलीने, जिने आयुष्यात दोन-तीनदाच कंप्युटर पाहिला असेल, माझी चूक मला माझ्यासमोर उभं राहून समजावून सांगितली. वैशालीताईंपेक्षा नीट. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी मॅडमच्या कंप्युटरवर नोंदी उघडल्या. दोन्ही अर्जांत एका मिनिटाचंही अंतर नव्हतं. स्पेलिंगच्या चुकासुद्धा त्याच.

मॅडम माझ्याकडे वळल्या. बाई कडक, पण वाईट नव्हती. त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या सिस्टिमची काही चूक आहे का यात? असेल तर सांगा, मी सरांशी बोलते."

दार उघडं होतं. सताड उघडं. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो, "नाही मॅडम. सिस्टिम बरोबर आहे. हिने दोनदा सबमिट केलंय, रेकॉर्डला दिसतंय."

'तांत्रिक अडचण' तरी म्हणायचं की नाही? आमच्या धंद्यात या दोन शब्दांमागे सगळेच लपतात. मी तेवढंही म्हणालो नाही. मी सर्व्हरला वाचवलं आणि पोरीचा बळी दिला. तिच्या तोंडावर. ती माझ्याकडे बघत राहिली — रागाने नाही, ते परवडलं असतं. मोठ्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, अशा नजरेने. तिने हातातला कागद परत एकदा वाचला. माझंच काहीतरी चुकलं असेल, असं तिला तिथल्या तिथे वाटायला लागलं होतं, आणि ते मला दिसत होतं.

कारणं आहेत माझ्याकडे. नोकरीची आहेत, कंपनीची आहेत, चांगली घासूनपुसून ठेवलेली आहेत. एकही देणार नाही. तुम्हाला ती ऐकून बरं वाटेल, आणि मग मलाही वाटायला लागेल.

त्याच दुपारी ऑफिसात येऊन मी ती ओळ बदलली. फॉरवर्ड काढला, रीडायरेक्ट टाकला, शेवटचं पानही इंग्रजीत केलं. कुणालाही सांगितलं नाही. चहा गार व्हायच्या आत झालं काम. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःच संपवली. मग बसून नोंदी चाळल्या. अशी आणखी सहा नावं निघाली — मिनिटभराच्या अंतराने आलेले जोडअर्ज, सगळे रद्द. यादी अजून पक्की झाली नव्हती. एक फोन पुरला असता. मी ती खिडकी बंद केली आणि दुसरं काम उघडलं. त्या वर्षी संस्थेच्या सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, एकही तक्रार न येता प्रवेश पार पडले म्हणून. मीही मान हलवली.

पुढे कधी तिला पत्र टाकावंसं वाटलं नाही का? वाटलं. पत्ता होता माझ्याकडे — गाव, पोस्ट, तालुका, सगळं अर्जात होतं. दोनदा होतं. नाही टाकलं.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. ते खोटं मी पचवलं, हे सांगून टाकतो. माणूस खोटं पचवू शकतो. जे पचलं नाही ते मी मघाशी मधे गाळलं.

मॅडमनी फाइल मिटल्यावर त्या दोघी दाराशी थांबल्या. मी बाहेर पडत होतो. यमुनाने मला विचारलं, "सर, मग आता आम्ही कुठं जायचं?"

तिला कुठेच जायचं नव्हतं. जे काम होतं ते माझ्याकडे होतं. कागद तिच्या हातात होता, मॅडमचं टेबल माझ्या पाठीमागे चार पावलांवर होतं. मी तो कागद घेऊन आत जायला हवं होतं. एवढंच तर माझं तत्त्व होतं.

मी तिला त्र्यंबक रोडच्या एका सरकारी कार्यालयाचं नाव सांगितलं. म्हणालो, तिथे तक्रार अर्ज द्या, ते इकडे फॉरवर्ड करतील. त्या कार्यालयाचा या संस्थेशी काहीही संबंध नव्हता. मला ते माहीत होतं. त्या समोरून जाव्यात, एवढंच मला हवं होतं.

तिने त्याच कागदावर, दोन नंबरांच्या खाली, मी सांगितलेला पत्ता लिहून घेतला. बस कुठून मिळेल तेही विचारलं. मी तेही सांगितलं. तिच्या आईने मला हात जोडले, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.