रंगवायच्या पुस्तकातला टँकर

नाल्याचं पाणी कुठल्या रंगाचं असतं, सांगा बघू?

निळं म्हणालात ना? मग तुम्ही काल्हेरच्या पट्ट्यात कधी राहिलेला नाही. तिथल्या पोराला हा प्रश्न विचारा, ते उलट तुम्हालाच विचारील, सोमवारचं का शुक्रवारचं? कारण तिथं नाल्याला रंग वारावर असतो. कुणी काय धुतलं, कुणी काय ओतलं, त्यावर.

ही गोष्ट मैनाची. मैना हे तिचं खरं नाव नाही, आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. भिवंडीकडून ठाण्याला जाताना गोदामांची रांग लागते, त्या रांगेच्या पाठीमागे, खाडीच्या अंगाला, असं समजा. ही बाई आज भरदुपारीसुद्धा दाराला आतून कडी लावते. ज्या गावात लग्न होऊन आल्यापासून तिनं दाराला कडी अशी लावलीच नव्हती, त्या गावात.

मैना शिकली नववीपर्यंत. पण हात असा, की कुणाच्याही हळदीला अंगणात रांगोळी काढायला आधी तिला बोलावणं. तिची पोर दिपाली शाळेत जायला लागली तेव्हा बाजारातून रंगवायचं पुस्तक आणलं. त्यात काय, तर स्ट्रॉबेरी, अस्वल आणि बर्फाचा माणूस. दिपालीनं बर्फाचा माणूस पाहिला आणि म्हणाली, "आये, ह्या कापसाच्या गठ्ठ्याला डोले कोनी लावले?"

मैना हसली, आणि मग तिला राग आला. ह्या पोरांच्या दारात खाडी आहे, होड्या आहेत, मिठागरं आहेत, ट्रक आहेत, कापड विणणारे लूम आहेत, आणि ह्यांनी रंगवायचं काय, तर न पाहिलेला बर्फ? तिनं वहीचे कोरे कागद घेतले आणि स्वतःच काढायला बसली.

भिवंडीत, दोन लूमच्या कारखान्यांच्या मधल्या बोळात फखरुद्दीनभाईंची प्रेस आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणारी. दोन हजार सातच्या सुमाराला मैना तिथं चित्रांची पिशवी घेऊन गेली.

"पुस्तक काढायचंय? कुनाचं?" फखरुद्दीनभाईंनी विचारलं.

"माझा."

"प्रकाशक कोन?"

"मीच."

"मग नाव-पत्ता टाकायला लागेल, बाय. कायदा आहे. उद्या काय झालं तर पोलिसांनी कुनाला धरायचं?" म्हातारा हसला. मैनाही हसली. रंगवायच्या पुस्तकाला पोलीस कशाला येतील?

इथं तिची मान ताठ झाली. माझं नाव छापणार ना, मग असं छापा की दिसलं पाहिजे. मागच्या कव्हरावर ठळक अक्षरात नाव, नवऱ्याचं नाव, गाव, देवळाच्या मागचं पिवळं घर, सगळं आलं. कुणाला पुस्तक हवं असेल तर तो विचारत विचारत दारात आला पाहिजे, एवढाच हेतू.

पहिलं पुस्तक अंगणवाड्यांत गेलं, शाळांत गेलं, आठवड्याच्या बाजारात खारी आणि बटरच्या टोपलीशेजारी विकलं गेलं. फखरुद्दीनभाईंची मुलगी जोहा कम्प्युटर शिकली होती. तिनं पानं स्कॅन करून त्याचं ई-बुक केलं.

"म्हंजे कागद न्हाय?" मैनानं विचारलं.

"नाही, मैनाताई. फाइल."

"मग पोरा रंगवनार कशावर? टीव्हीवर?"

"प्रिंट काढून. माझे मामू कुवेतला असतात. तिकडच्या आपल्या पोरांना मराठी पुस्तक कोण देणार? मी मेलनं पाठवते, ते छापून घेतील."

मैनाला ते काही नीटसं कळलं नाही, पण आपलं पुस्तक विमानाशिवाय कुवेतला जातं ह्याचा गर्व झाला. गावभर सांगून झालं.

दुसऱ्या पुस्तकाचं नाव होतं 'माझ्या दारासमोर'. मागचं कव्हर तेच, नाव-पत्त्यासकट, आणि जोहानं त्याचीही फाइल केली. ते काढताना तिनं एक नेम केला. ओट्यावर बसायचं आणि दिसेल तेच काढायचं. नसलेलं घालायचं नाही, असलेलं गाळायचं नाही. आणि गाडी काढली की तिचा नंबर खराच घालायचा. ह्याला कारण होतं. गोदामपट्ट्यातली पोरं अक्षरओळख व्हायच्या आधी गाड्यांचे नंबर वाचतात. रस्त्याच्या कडेला बसून कुठल्या ट्रकची बेरीज मोठी, असा खेळ चालतो. पुस्तकात खोटा नंबर घातला असता तर पोरांनी लगेच पकडला असता, ही गाडी आपल्याकडची नाय म्हणून.

त्या नेमानं एका पानावर आला नाला. नाल्याच्या पलीकडे गोदामाचं मागचं फाटक, फाटकाशी पिंपं, पिंपांवर कवटीची खूण, आणि एक टँकर. टँकरचा पाइप नाल्यात सोडलेला. मागे नंबर, एकेक आकडा स्पष्ट, आतून पोकळ, पोरांना रंग भरता यावा म्हणून.

मैनाच्या मनात काही नव्हतं. रोजचंच दृश्य ते. म्हैस पाण्यात बसते तसा टँकर नाल्यावर उभा राहतो, एवढंच.

शाळेतल्या बाईंनी पोरांना तेच पान रंगवायला दिलं. कुणी नाला जांभळा केला, कुणी लाल, कुणी शेवाळी, एकानं त्यावर पांढरा फेस काढला. बाईंनी पानं पुस्तकातून सोडवून भिंतीवर लावली. तपासणीला साहेब आले, त्यांनी विचारलं, एकाच नाल्याला इतके रंग कसे? पोरांनी सांगून टाकलं. पोरंच ती. टँकर कधी येतो तेही सांगितलं. साहेबांनी भिंतीवरून नंबर टिपून घेतला.

पुढचे काही दिवस टँकर आला नाही. मग प्रितेश आला.

प्रितेश म्हणजे मैनाच्या नवऱ्याचा, केसरीनाथचा, चुलतभाऊ. नाल्यापलीकडची जमीन प्रितेशच्या बापाची. त्यावर गोदाम बांधून बाहेरच्या लोकांना भाड्यानं दिलेलं. केसरीनाथला त्याच रांगेत माल मोजायची नोकरी लागली तीही प्रितेशच्याच शब्दावर. तो आला तो दिपालीसाठी रंगीत खडूंची पेटी घेऊन. चपला काढल्या, ओट्यावर पोरीशेजारी मांडी घातली, आणि तिच्याबरोबर रंगवायला लागला.

"चहा टाकू का भावजी?" मैनानं विचारलं.

"टाका ना वहिनी. घाई न्हाय." आणि मग पोरीला, "पानी कंच्या रंगाचा करू गो?"

"लाल," दिपाली म्हणाली.

"लाल कनी? बरा." त्यानं लाल खडू घेतला आणि सावकाश, रेघेच्या बाहेर न जाता, नाला भरला. मैना चहाचं पातेलं घेऊन दारात उभी.

पोर खेळायला पळाली तशी तो म्हणाला, "वहिनी, टँकर माझा न्हाय. गोदाम भाड्यानं दिलाय, त्यांचा हाय. ती मानसा आपली न्हाईत. मी पन त्यांना जपून बोलतो, मंग बघा."

"मी काय केला भावजी? दिसला ते काढला."

"तेच ना. सगल्या गावाला दिसतो, काढला तुम्हीच." तो हसला. "ते मना इचारतात, ह्यो चित्र कोनी काढला? त्यांनी भिंतीवरची सुटी पाना पाहिलीत, पुस्तक न्हाय पाहिला. मी सांगतो, भिवंडीत कुठं तरी छापलाय, मना काय म्हाईत. पन पुस्तक हातात पडला तर? मागं तुम्ही सगला लिवलाय. देवलाच्या मागं, पिवला घर. रिक्षावाल्याला दाखवला तरी आनून सोडील."

चहा प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला. उठताना म्हणाला, "प्रेसमधली बुका जाला. शाळेतली मी बघतो. शनवारी येतो."

ह्याला धमकी म्हणायचं का आपुलकी? मैनाला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. आणि हेच सगळ्यात वाईट. शिवी देणाऱ्याला शिवी देता येते, कप विसळून ठेवणाऱ्याला काय देणार?

केसरीनाथ घरी आला आणि सगळं ऐकून भिंतीला टेकून बसला. "होडी काढ, मासा काढ, जाल्यातला कोलीम काढ. तुला गाडीचा नंबर कोनी सांगितला होता?"

"पोरांनी."

"मंग पोरांनाच सांग आता, आमच्या घरी झोपाला या म्हनून."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलत होता. बाहेरून स्कूटर गेली तरी दोघं गप्प होत होती.

दुसऱ्या दिवशी मैना प्रेसमध्ये गेली. जाळायला तिचा जीव होईना, म्हणून म्हणाली, नुसतं टँकरचं पान आणि मागचं कव्हर फाडू. फखरुद्दीनभाईंनी एक पुस्तक उघडून दाखवलं. "मधे पिन मारलेलं पुस्तक आहे, बाय. एक पान ओढलंस तर त्याचं जोडीदार पान समोरून सुटतं. टँकर काढलास की हळदीचा मांडव पन गेला. कव्हर काढलंस तर राहिलं काय? बिलबुकपन होनार नाय त्याचं."

तिनं तरी फाडलं. एक, मग दुसरं. मांडवातल्या नाचणाऱ्या बाया सुट्या होऊन फरशीवर पडल्या. जोहा कम्प्युटरवरून उठून आली आणि दारात थांबली.

"मैनाताई, ती फाइल पण गेलीय," ती म्हणाली.

"कुठं?"

"मामूंना पाठवली. त्यांनी तिथल्या लोकांना पाठवली. पुण्याच्या एका बाईंचा मेल आला, त्यांनी शाळेत छापून वाटली. खूप आवडली म्हणतात."

"मंग परत बोलव."

"परत नाही बोलावता येत, ताई."

"पत्ता पण गेला?"

जोहानं मान खाली घातली. "कव्हरसकट स्कॅन केलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात, नाव दिसलं पाहिजे."

मैना फरशीवरच बसली. बाजूच्या कारखान्यात लूम धडधडत होते. कागद असता तर दारोदार जाऊन गोळा केला असता, पाया पडून मागून आणला असता. हे कुणाच्या दारात जाऊन मागायचं? कुणाच्या घरात आपलं पिवळं घर उघडं पडलंय, हेच माहीत नाही.

फाडणं मात्र तिथंच थांबलं. फखरुद्दीनभाईंनी सुटी पानं उचलली, राहिलेले गठ्ठे कोऱ्या बिलबुकांच्या खाली ढकलले आणि म्हणाले, "इथं कोनी आलं तर आपन फक्त पत्रिका छापतो."

दिपालीला तिनं शेलारला, बहिणीकडे नेऊन सोडलं. पोर विचारत होती, खडू बरोबर नेऊ का? मैनानं खडूंची पेटी पिशवीत घातली नाही. तिला त्या पेटीला हात लावणं नको झालं होतं.

शनिवारी प्रितेश आला. ह्या वेळी चपला काढल्या नाहीत.

"जालली?"

मैनानं खरं सांगितलं. धाडस म्हणून नाही. खोटं रचायला डोकं थाऱ्यावर लागतं, ते नव्हतं. "भावजी, थोडी फाडली. पन फाडून काय उपेग? पुस्तक कम्प्युटरवरनं गेलाय. कुवेतला, पुन्याला. जिथं जिथं गेलाय तिथं पान हाय, नंबर हाय."

प्रितेशनं नाल्याकडे पाहिलं. "आनि पत्ता?"

"तो पन."

"मंग मी काय करू सांगा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज कोरडा पडला. "मी तोंड बंद ठेवला काय आनि उघडला काय." मैनाला तेव्हा दिसलं की हा माणूसही घाबरलेला आहे. तिला त्यानं धीर आला नाही. आपल्याला भिववायला येणाराच भितो, म्हणजे ज्याला तो भितो तो केवढा असेल, हेच तिच्या मनात आलं.

त्यानंतर टँकर पुन्हा यायला लागला. दिवसाढवळ्या. फरक एकच, मागच्या नंबरावर चिखल थापलेला. ड्रायव्हर पाइप सोडतो आणि नाल्याअलीकडच्या घरांकडे बघत उभा राहतो, एकेका घराकडे. पिवळ्या घराकडेही बघतो. अजून त्याला ठाऊक नाही, असं मैना धरून चालते. केसरीनाथनं घराला पांढरा रंग काढायचा म्हटलं, पण मग गाव विचारील, आत्ताच का?

मैना खिडकीच्या फटीतून बघते. कडी लावलेली असते. आणि काढते. चिखल थापलेला टँकर तिनं काढलाय. रेघ सरळ येत नाही पूर्वीसारखी, थरथरलेली येते, आणि ती तशीच ठेवते. ते छापायचं असं ती अजून बोललेली नाही. फखरुद्दीनभाईंनीही विचारलेलं नाही. पोर अजून शेलारलाच आहे.

आता तुमच्याकडे येतो. ते पुस्तक कुठं कुठं गेलं हे मैनाला माहीत नाही, जोहाला नाही, कुणालाच नाही. तुमच्या घरात असेल. कपाटात असेल नाहीतर कम्प्युटरमध्ये असेल. टँकरचं पान फाडू नका. पोरांना रंगवू द्या, नंबर मोठ्यानं वाचू द्या, पाण्याला जो रंग द्यायचा तो देऊ द्या. पण मागचं कव्हर उघडा, आणि पोराच्या हातात द्यायच्या आधी, दुसऱ्या कुणाला पाठवायच्या आधी, नाव आणि पत्ता काळ्या खडूनं, फाइल असेल तर काळ्या पट्टीनं, भरून टाका. दाबून भरा. उजेडासमोर धरलं तरी वाचता येणार नाही, असं. आजच करा.