चाक थांबलं होतं, दत्ताभाऊंचा हात आत होता

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. घरात रात्री भांडं वाजलं तर मी आधी मांजर शोधतो... त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. त्यात सुरुवात माझ्याच गाढवपणापासून आहे.

चाकणला आमच्या कंपनीत वीज साठवणारी चाकं बनतात. भलं मोठं पोलादी चाक, हवा काढून घेतलेल्या टाकीत प्रचंड वेगानं फिरवायचं. वीज लागली की त्या फिरण्यातूनच ती परत घ्यायची. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी – वारा मध्येच पडला तर तेवढी खोट भरून काढायला. पंचाईत अशी, की चाक फिरतंय की उभं आहे, हे बाहेरून कळत नाही. आवाजच नाही. म्हणून टाकीवर लाल दिवा. तो पेटलेला असला की झाकणाला हात लावायचा नाही.

गेल्या खंडेनवमीला मशीन्सना झेंडूच्या माळा घालायचं काम मी हौसेनं घेतलं. टाकीलाही घातली. चांगली भरघोस, नेमकी दिव्यावरून. आत चाचणी चालू होती, चाक पूर्ण वेगात होतं, स्क्रीनवर मी स्वतः बघितलं. मग पेढे आणायला कँटीनला गेलो आणि तिथं गप्पांत रमलो.

परत येतो तर टाकीचं झाकण क्रेनला लटकलेलं, आणि दत्ताभाऊ खांद्यापर्यंत आत. दत्ताभाऊ आमचे फिटर, मोशीचे. चाकाला हळदकुंकू लावत होते.

पेढ्यांचा बॉक्स हातातून पडला. त्या वेगात बोट जरी लागलं असतं तरी... पुढचं लिहवत नाही.

"दत्ताभाऊ, हात बाहेर काढा."

"का राव? दिवा बंद हाय की."

"दिवा माळेखाली आहे."

त्यांनी माळ बाजूला केली. दिवा खरंच विझलेला होता. मी आत डोकावलो. चाक उभं, कुंकवाचं बोट जिथल्या तिथं.

"असं थांबूच शकत नाही ते," मी म्हणालो. "सोडून दिलं तर संध्याकाळपर्यंत फिरतं."

"मंग मी काय भुताला कुंकू लावलं?" दत्ताभाऊ हसले. मग माझं तोंड बघून तिथंच खाली बसले.

स्क्रीनवर वेगाची रेघ सरळ चाललेली, आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली. टाकीत हवा शिरल्याची, म्हणजे झाकण उघडल्याची, नोंद त्यानंतरची. ब्रेक लागला नव्हता, वीज बाहेर गेली नव्हती. एवढं चाक असं गपकन थांबलं तर काहीतरी फुटायला हवं, निदान तापायला तरी. मी चाकाला हात लावून बघितलं. गार होतं.

इंजिनिअर मंडळींनी नंतर सगळं खोलून तपासलं. सेन्सर ठीक, बेअरिंग ठीक. चाक पुन्हा फिरवलं तर थांबायला संध्याकाळ झाली, नेहमीसारखी. झाकणाला आता लॉक बसवलंय. पण एवढी ताकद गेली कुठं, हे आजही कुणाला सांगता येत नाही. मला तर नाहीच.

त्या दिवशी निगडीला घरी आल्या आल्या बायकोला सगळं सांगितलं. "कुठं गेली असेल गं ती ताकद?"

"ते तुमचं तुम्ही शोधा," ती म्हणाली. "उद्या दसऱ्याला दत्ताभाऊंना जोडीनं जेवायला बोलवा. आणि ते जेवत असताना त्यांच्या हाताकडं टक लावून बसू नका. माणूस अवघडतो."