उतरवून घेतलेली मिस्सा

"भित्रा म्हण ना सरळ! आईसमोर कशाला लाजतेस?" एकेहार्डनं बशी पुढे ढकलली.

"भित्रा नाही म्हणत. भित्र्याला निदान घाम फुटतो," गुंडुला म्हणाली. "तू तर केकचा दुसरा तुकडा मागतोयस."

सासूबाई प्लमच्या केकवर फेटलेलं क्रीम वाढून घेत होत्या. "रविवारची कॉफी तरी सुखानं पिऊ द्या. एवढं झालंय काय?"

"तुमच्या लेकाला विचारा, आई. आल्मुटला विषय बदलायला सांगून आलाय."

आल्मुट ही एकेहार्डची विद्यार्थिनी, संगीताच्या इतिहासात डॉक्टरेट करणारी. बोलोन्याच्या एका चर्चमधल्या जुन्या कागदांत तिला एक मिस्सा, म्हणजे चर्चच्या उपासनेत गायची मोठी रचना, सापडली होती, एका इटालियनाची. तीच मिस्सा इथं लिंडेनबाखच्या चर्चचा जुना संगीतशिक्षक क्रूसियुस याची म्हणून दरवर्षी गायली जायची, आणि बोलोन्यातली प्रत क्रूसियुसच्या जन्माआधीची होती. त्या काळचे चर्चचे संगीतशिक्षक दुसऱ्यांची रचना उतरवून घेत आणि खाली स्वतःचं नाव घालत. ही प्रत माझी, एवढाच त्याचा अर्थ. प्रोफेसर वीडेनब्रुकनी उतरवणाऱ्यालाच रचनाकार ठरवलं होतं. त्यावर त्यांचे दोन खंड निघाले, खुर्ची मिळाली आणि लिंडेनबाखच्या चौकात क्रूसियुसचा पुतळा उभा राहिला.

एकेहार्ड या प्रोफेसरांच्या सावलीत टक्कल पडेपर्यंत सहायकच राहिला. त्यांच्या खंडांच्या सूची त्यानं केल्या आणि त्यांच्या कुत्र्यालाही फिरवून आणलं. लग्नानंतरचा पहिला प्रवास दोघांनी केला तो लिंडेनबाखलाच. चर्चच्या गारठलेल्या माळ्यावर गुंडुला एकेक कागद उजेडासमोर धरायची आणि हा त्यातली पाणचिन्हं, कागदाचा काळ सांगणाऱ्या पुसट खुणा, मोजायचा. तेव्हा तिला ते विद्वत्तेचं लक्षण वाटलं होतं. ती तरुण होती.

आता प्रोफेसर पासष्ट वर्षांचे होत होते. शिष्यांनी लेख लिहून गौरवग्रंथ काढायचा ही विद्यापीठाची रीत, आणि संपादक एकेहार्ड. त्याचा स्वतःचा लेखही तयार होता: 'क्रूसियुसच्या मिस्सेतली इटालियन छटा'.

"छटा!" गुंडुला हसली. "अरे, अख्खी मिस्साच इटालियन आहे!"

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"विषय बदलला नाही तर त्या पोरीची शिष्यवृत्ती जाणार, वसतिगृहातली खोलीही जाणार. हे तिला सांगताना आवाज किती गोड काढला असशील!"

"मी फक्त परिस्थिती समजावली."

"प्रोफेसरसाहेबांनीच याला नोकरीला लावलं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या वाढदिवसालाच त्यांच्या तोंडाला काळं फासायचं का?"

"बरोबर आहे, आई. त्यांच्या कुत्र्यानंही कधी त्यांना चावा घेतला नाही."

एकेहार्डनं चष्मा काढून पुसला. वर्गात कोणी अवघड प्रश्न विचारला की तो हेच करायचा. "सत्य दडपायचं असं मी कुठं म्हणतोय? योग्य वेळ यावी लागते. साहेब निवृत्त होऊ देत, थोडी वर्षं जाऊ देत. मग हे सगळं मी व्यवस्थित मांडीन."

"तू मांडशील?"

"अशा गोष्टीला वजन लागतं. काल आलेल्या मुलीचं कोण ऐकणार?"

"आणि शोध तिनं लावला, त्याचं काय?"

"तिचा उल्लेख असेलच की." चष्मा पुन्हा नाकावर चढला. "तळटीपेत."

गुंडुलानं कप खाली ठेवला. भित्र्या माणसाबरोबर तिनं आजवर संसार केला होता. त्याची तिला चीड यायची, कधी कीवही यायची. हा भ्यालेला नव्हताच. दुसऱ्याच्या ताटातला घास टिपून, तो गार होईपर्यंत शांतपणे वाट बघणारा माणूस तिच्यासमोर बसला होता. क्रूसियुस बरा म्हणायचा. त्या बिचाऱ्यानं निदान स्वतःच्या हातानं उतरवून तरी घेतलं होतं.

ती उठून बोळातल्या फोनपाशी गेली. आत सासूबाई लेकाला क्रीम वाढत होत्या. बऱ्याच वेळानं ती परत आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"आल्मुट उद्या इथं राहायला येतेय. ती दुसऱ्या विद्यापीठात नाव घालणार आहे. विषय हाच. प्रबंध पुरा होईपर्यंत तुझी अभ्यासाची खोली तिची. तुझी पुस्तकं संध्याकाळपर्यंत जिन्याखाली हलव."