कुंकू लावलेली सीडी
खंडेनवमीला कॉम्प्युटरला कुंकू लावताना आजही मला वडिलांची ती सीडी आठवते. वडील गेल्यावर त्यांच्या भजनाच्या एकुलत्या एका व्हिडिओ सीडीतून आवाज काढून मी पेठ वडगावच्या घरी आईसाठी गाण्यांची सीडी बनवत होतो. ड्राइव्ह घरघरू लागला आणि कॉम्प्युटर हँग झाला. सीडी बाहेर काढली तर चकचकीत बाजूवर कुंकू! "खंडेनवमीला विळ्या-खुरप्यासंगं ही बी पुजली की मी," आई पुटपुटली. "आता ह्ये आपल्याला सोडून दुसऱ्यांदा गेलं व्हय रं?" मी ओल्या फडक्यानं सीडी हळूच पुसून पुन्हा घातली. बराच वेळ नुसतीच खरखर. मग वडील खाकरले, भजनाआधी नेहमी खाकरायचे तसे. आईनं चटकन डोक्यावर पदर घेतला.