वीस गजांचे चाळीस हात

समस्त मराठी वाचकांना, विशेषतः ज्यांच्या खांद्यांना हात जोडलेले आहेत अशांना, कळवण्यास अत्यंत दुःख होते की भारतवर्षातले शेवटचे प्रमाणभूत मोजमाप गेल्या महिन्यात कायमचे निवृत्त झाले. हे मोजमाप म्हणजे माझ्या विमलमावशीचे यजमान दिगंबरकाका यांचा उजवा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्याच्यासोबत उरलेले काकाही गेले, पण त्यांच्या स्वतःच्या हिशेबाने ती दुय्यम बाब. फोन आला तेव्हा मी दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात मोज्यांचा ढीग उपसत होतो. मावशी म्हणाली, "गेले रे. चहा पिता पिता गेले." मग जरा थांबून, "कप अजून तसाच आहे..."

शोकसभेत चार वक्त्यांनी त्यांना गाढे अभ्यासक म्हटलं. हे चौघेही काकांच्या व्याख्यानात घोरताना मी पाहिलेत, त्यामुळे खरं काय ते मलाच सांगणं भाग आहे. एका मंत्रालयात आयुष्यभर फायलींवर 'चर्चा करावी' असं लिहिता लिहिता काकांनी कुणीही न सोपवलेलं राष्ट्रकार्य अंगावर घेतलं. प्राचीन भारताची मापं त्यांना पटवाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याच्या, मापांत बसवायची होती. आठ यवांचं अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, आणि हे सगळं थेट गजात, बिस्व्यात, बिघ्यात. दोन हात म्हणजे एक गज, इथवर कुणाचीच हरकत नव्हती. पण हात कुणाचा? काका म्हणत, ज्याची जमीन त्याचा हात, ग्रंथात तसंच आहे. कुठल्या ग्रंथात, असं विचारलं की ते माझ्याकडे अशा करुणेने बघत, की मी बी.कॉम. असल्याची मला लाज वाटावी. आता सरकारी हात अठरा इंचांचा. काका मूर्तीने लहान. त्यांचा हात सोळा इंचांवर संपायचा. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये त्यांनी पडद्यांचं माप असंच हाताने घेऊन शिंप्याला दिलं. पडदे आले ते खिडकीच्या पोटापर्यंतच. काकांनी पडद्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि शांतपणे निकाल दिला, "खिडकी चुकली आहे."

पडद्यांवर भागलं असतं तर मी हा लेख प्रेमाने लिहिला असता. पण निवृत्तीनंतर त्यांनी गाझियाबादच्या पलीकडे वीस गज रुंदीचा प्लॉट घेऊन घर बांधलं, आणि कडेच्या पट्टीत मावशीने सोनचाफा लावला. कोल्हापूरहून रोप मांडीवर घेऊन आली होती ती. दिल्लीची थंडी त्याला सोसेना, म्हणून हिवाळाभर त्याला गोणपाट गुंडाळायची, उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून जुनी साडी बांधायची. आम्हा भाचरांचे इतके लाड झाले नाहीत. अखेर त्याला पहिली कळी धरली, आणि त्याच सुमारास शेजारच्या तेजपाल चौधरींनी मधे पत्र्याचं कुंपण ठोकलं, ते आमच्या हद्दीत. मावशीनेच हट्ट धरून पटवारी आणवला. त्याने जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, टाकली आणि सांगितलं, "अंकलजी, पत्रा दो फुट आपके अंदर है. बात खतम."

बात खतम झाली असती. पण काका पुढे सरसावले. "ये साखळी परकीय है! कागद में वीस गज लिखा है, मतलब चाळीस हात, मतलब दहा दंड!"

पटवारी म्हणाला, "किसका हाथ?"

"मालिक का!"

चौधरींनी काकांच्या हाताकडे एकदा नीट पाहिलं. घोडा घेणारा दात बघतो तसं. "बिल्कुल सही," ते म्हणाले, "शास्त्र से बड़ा कौन है जी?"

मग सगळ्या गल्लीसमोर पांढरा पायजमा घालून काका पलीकडच्या हद्दीपासून रांगत निघाले, एकेक हात जमिनीवर टेकवत, मोठ्याने आकडे म्हणत. मावशी पायरीवरून ओरडली, "अहो, साधा फीता लावा ना!" त्यावर, "तू मधे बोलू नकोस, शास्त्र चाललंय." चाळिसावा हात पत्र्यापर्यंत पोचलाच नाही, चाफ्याच्याही अलीकडे संपला. काका उठले, गुडघे झटकले आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, "पाहिलंत? बरोब्बर दहा दंड!" पटवाऱ्याने खांदे उडवले. मालकच मान्य करतोय तर तो काय बोलणार? संध्याकाळपर्यंत चौधरींचा पत्रा आणखी आत सरकला आणि चाफा त्यांचा झाला.

पुढे दर मोसमात चौधरींची सून ताटलीतून दोन फुलं घेऊन यायची आणि मावशी तिला थँक्यू म्हणायची. एकदा अंगणात बसून काकांनी छाती भरून श्वास घेतला. "वा! वास कुठून येतोय गं?" मावशी म्हणाली, "शेजारून." ...आणि हा माणूस सुखाने पेपर वाचू लागला. मृत माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी बराच वेळ शोधलं.

तेराव्याच्या दिवशी चौधरी आले. हात जोडून बसले, भाईसाहबांसारखा विद्वान या इलाख्यात होणे नाही म्हणाले, दोन लाडू खाल्ले, आणि मग हळूच विषय काढला. पत्रा गंजलाय, तिथे पक्की भिंत घालावी म्हणतोय. "भाभीजी, नाप वही रहेगा, भाईसाहब वाला. मालिक का हाथ."

मावशी पंगतीत वाढता वाढता थांबली आणि सरळ उभी राहिली. ती काकांपेक्षा वीतभर उंच. म्हणूनच काका जोडीचा फोटो नेहमी बसून काढायचे. तिने डाव उजव्या हातातून डाव्यात घेतला, पदर खोचला, मोकळा हात कोपरापासून बोटांपर्यंत ताणून एकदा स्वतःच निरखला, आणि चौधरींच्या घराकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अब मालिक मैं हूँ, चौधरीजी. हाथ मेरा लगेगा!"