मालोजींच्या पेटाऱ्यातला महाराष्ट्र

चिकपेटेतल्या मालोजींकडे अख्खा देश पेटाऱ्यांत भरून ठेवलेला असे. नाटकांना नि शाळांना पोशाख भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. पंजाब म्हणजे दाढी, बंगाल म्हणजे धोतर नि हातात मासा, मद्रास म्हणजे लुंगी, आणि महाराष्ट्र म्हणजे काष्टा, ही एवढी मोठी नथ नि डोक्यावर कोळणीची टोपली. मालोजींच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली होती आणि त्यांच्या घरात तसली टोपली कुणी कधी पाहिली नव्हती. पण गिऱ्हाईक मागतंय ना, मग झालं तर!

पंच्याण्णव साली त्यांच्या नातीच्या, रक्षिताच्या शाळेत राज्याराज्यांची वेशभूषा स्पर्धा ठरली. वर्गात पुण्याहून नवीन आलेली सिद्धी तिला रोज चिडवायची, की 'थोडं दे'ला कानडी 'स्वल्प दे' म्हणणारी तू कसली गं मराठी? पोरीला ते फार लागलं होतं. महाराष्ट्र मीच होणार म्हणून ती हटूनच बसली. मालोजींनी दुकानातून लगेच पेटारा धाडला. पण टोपली काही रक्षिता डोक्यावर घेईना. आपल्या घरात असं कोण नेसतं, असं तिनं अज्जीला विचारलं. अज्जीला, मालोजींच्या सगुणाबाईंना, ते पटलं. त्यांनी नातीला थेट आपल्यासारखंच नटवलं. म्हैसूर सिल्कची साडी, केसांत मोगरा, हातात भाजीची पिशवी.

आता शाळेला पोशाखातला जाणकार हवा, म्हणून परीक्षक कोण, तर मालोजीच! छाती फुगवून बसले होते. उपेंद्र नावाचा तमिळ मुलगा त्यांच्याच दुकानातला फेटा नि मिशा लावून मराठा सरदार झाला, तलवार फिरवून गेला, त्याला दहापैकी नऊ. मग रक्षिता आली आणि "मी मराठी बाई" म्हणाली. सिद्धी खुदकन हसली. मुख्याध्यापिकांनी मालोजींना मत विचारलं. नातीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून गडी जरा जास्तच ताठला. माईकवर म्हणाला, "नथ नाही, काष्टा नाही. यात मराठी काय आहे?"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. तशा पहिल्या रांगेतून सगुणाबाई उठल्या, तसल्याच साडीत, तसलाच मोगरा माळून.

"सरी, बरं तर," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मग चाळीस वर्षं कुणासंगती संसार केलात, तेही सांगून टाका."

पहिलं बक्षीस उपेंद्रलाच मिळालं, आणि घरी जाताना रक्षितानं अज्जाचा हात धरला नाही.